किती मिळतं आणि कधी मिळतं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतिदिनी मुलांविषयी बोलावं हे रीतीला धरूनच आहे. पण मी शाळेपासून सुरुवात करणार नाही, तहसील कचेरीपासून करणार आहे.

जून महिना आला की तालुक्याच्या कुठल्याही गावी सेतू केंद्रासमोर रांग लागते. रांगेत आई असते, बाप असतो, पुष्कळदा दहावी-बारावी झालेलं पोर स्वतःच असतं. हातात शिधापत्रिका, आधार कार्डाची झेरॉक्स, तलाठ्याचा अहवाल. काढायचा असतो उत्पन्नाचा दाखला. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांमध्ये आर्थिक दुर्बल म्हणून प्रवेश हवा, तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ हवी, तर आठ लाखांच्या आत. शिष्यवृत्तीची मर्यादा आणखी वेगळी. तहसीलदारांच्या सहीने एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्यावर मुलाचं पुढचं वर्ष ठरतं.

आता मला सांगा, त्या आकड्यात काय नाही? त्यात महिना नाही. त्या घरात पैसे कधी येतात, दर महिन्याला येतात की दिवाळीआधी एकदाच येतात, पुढच्या महिन्यात येतील याची खात्री आहे की नाही, आलेले पैसे आधीच कुणाचे देणे आहेत, यातलं काहीही तो कागद सांगत नाही. सरकार विचारतं, किती? ‘कधी’ विचारत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षाचा पाऊस सरासरीइतका झाला असं हवामान खातं म्हणतं, आणि याचं पीक गेलेलं असतं. कारण पेरणीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडं होतं आणि उरलेला सगळा पाऊस सप्टेंबरात चार दिवसांत कोसळला. मुलाचंही तसंच असतं. मूल सरासरीवर वाढत नाही. त्याला ज्या महिन्यात जे लागतं ते त्याच महिन्यात लागतं. आजचं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. गरीब घरातल्या मुलाचं नुकसान पैसा कमी असल्यामुळे होतंच, पण पैशाच्या बेभरवशामुळे होणारं नुकसान आपण मोजतसुद्धा नाही. पगारदारांच्या वेळापत्रकावर आपण शाळा, दवाखाने आणि अंगणवाड्या बांधल्या, आणि उचलीवर, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर, जगणाऱ्याला म्हणालो, या, दार उघडं आहे.

पहिली गोष्ट शरीराची.

आई गरोदर राहिल्यापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतचे साधारण हजार दिवस. मेंदूची सर्वांत वेगाने वाढ होते ती या काळात. या काळात जे अन्न मिळालं नाही ते पुढे दहा वर्षांनी दामदुपटीने दिलं तरी पुरती भरपाई होत नाही. हे कशावरून म्हणतो? मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन गावांतल्या मुलांना ‘आतोले’ नावाची प्रथिनयुक्त पेज दिली जायची, उरलेल्या दोन गावांत ‘फ्रेस्को’ नावाचं गोड पेय, ज्यात प्रथिनं नव्हती. प्रयोग संपला, संशोधक आपापल्या घरी गेले. पण ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचा माग पुन्हा काढला गेला. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांना ती पेज मिळाली होती त्या पुरुषांची तासाची कमाई इतरांपेक्षा सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि ज्यांना ती पेज मोठेपणी, म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर मिळाली? त्यांच्यात तसा फायदा दिसला नाही. पेज तीच, गाव तेच, फरक फक्त कधी मिळाली याचा. (बायकांच्या कमाईत हा फरक दिसला नाही हेही सांगितलं पाहिजे. त्या गावांत बायकांना पैसे मिळवून देणारं काम कितीसं होतं, हा प्रश्न त्यामागे आहे.)

आता हे हजार दिवस बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ठेवून पाहू. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, कोणताही तालुका घ्या. घरात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. पावसाळ्यातच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतलेली. ती उचल कुठे गेली? गेल्या वर्षीच्या दवाखान्यात, नणंदेच्या लग्नात, बी-बियाण्यात, जुन्या बाकीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, सांगली, कोल्हापूर, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत. साखर कारखान्याच्या परिसरात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते. बाई पोटुशी असेल तरी पहाटे फडात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या. एक दिवस नाही गेलं तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणं आपल्या दृष्टीने फुकट आहे. तिच्या दृष्टीने ती महिन्यातली सर्वांत महागडी वस्तू आहे.

आणि रोजचं मीठ-मिरची कशावर चालतं? उचल तर गावीच संपली. मग उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, विकून जे चार पैसे येतात त्यावर आठवड्याचा बाजार होतो. दूध, अंडं, डाळ हे त्या बाजारात शेवटी येतं. या बाईचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे, तिथे तिच्या वाट्याचा आहार येतोही. नाव बीडला, पोटातलं बाळ सांगलीला. गंमत अशी, खरं तर गंमत नाहीच ही, की याच जोडप्याचं वर्षाचं उत्पन्न मांडलं तर गावात राहिलेल्या एखाद्या शेतमजुरापेक्षा ते बरं दिसू शकेल. दाखल्यावर ती सुधारलेली माणसं असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या फेरीत ३४ होती. मधल्या काळात राज्याचं उत्पन्न वाढलं, मेट्रोंची, द्रुतगती मार्गांची कामं निघाली. मुलांची उंची होती तिथेच. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्तक्षय असलेली ६८.९ टक्के. साऱ्या देशाचं चित्र आर्थिक स्तरांप्रमाणे पाहिलं, तर सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात खुज्या मुलांचं प्रमाण ४६ टक्के, सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात २३. बरोबर दुप्पट. हा २३चा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. ती म्हणजे घरातलं लक्ष.

मूल फक्त अन्नावर वाढत नाही. कुणीतरी त्याच्याशी बोलावं लागतं. त्याच्या ‘हे काय?’ला उत्तर द्यावं लागतं. वहीत काय लिहिलंय ते, भले वाचता येत नसेल, पण उलटून पाहावं लागतं. त्यासाठी आई-बापाजवळ वेळ हवा आणि वेळेपेक्षाही मोकळं डोकं हवं. आता आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य फार सहज येतं, ‘यांना मुलांचं काही पडलेलंच नसतं.’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोल्यांत ऐकलं आहे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि सभ्य माणसांच्या दिवाणखान्यांत तर फारच.

तमिळनाडूत विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै या भागांत ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला. तो २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मजूर नव्हेत, शेतकरी. पण छोटे. त्यांचा पैसा वर्षातून एकदा, ऊस गेल्यावर येतो. तोडणीआधी हात रिकामा, दागिना गहाण, उधारी वाढलेली. तोडणीनंतर काही महिने बरे. संशोधकांनी त्याच माणसाला दोनदा बसवलं, एकदा तोडणीआधी, एकदा नंतर, आणि आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. तोडणीआधी तोच माणूस जास्त चुकत होता, हळू चालत होता. माणूस तोच, शिक्षण तेच, जात तीच, अक्कल तीच. बदलला होता फक्त खिसा. या अभ्यासावर नंतर वादही झाले आहेत आणि तो एकटाच धरून बसावं असं मी म्हणणार नाही. पण महिनाअखेरीला ज्याने कधी पोस्टातल्या पासबुकाकडे चार वेळा पाहिलं आहे त्याला यात खोटं काही वाटणार नाही. डोकं एका हिशेबात अडकलं की दुसरा हिशेब चुकतो. आणि मूल हा नेहमी दुसरा हिशेब असतो.

कुणी म्हणेल, गरिबी आणि मुलांची हेळसांड एकत्र दिसते म्हणून एकामुळे दुसरी असं कसं म्हणता? कदाचित आई-बापच तसे असतील, आणि म्हणून गरीबही असतील. शंका रास्त आहे. तिचं उत्तर द्यायचं तर असं गाव सापडायला हवं, जिथे आई-बाप बदलले नाहीत, फक्त पैसा आला, आणि तोही त्यांच्या कर्तबगारीने नाही. असं गाव सापडलं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, पश्चिमेकडच्या डोंगरात, चेरोकी या आदिवासी लोकांची वस्ती आहे. तिथल्या परिसरातल्या १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास १९९३पासून चालू होता. त्यात साधारण चौथा हिस्सा चेरोकी मुलं. मध्येच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वस्तीच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक प्रौढ माणसाला मिळू लागला. काम करा, करू नका. चांगले वागा, वाईट वागा. वर्षातून दोनदा ठरल्या वेळी पैसे. जुगाराचा पैसा आहे, मला त्याचं कौतुक नाही. पण अभ्यासकांना असा योग जन्मात एकदाच येतो.

काय झालं? ज्या घरांनी या पैशामुळे गरिबीची रेषा ओलांडली, त्या घरांतल्या मुलांचं आक्रस्ताळेपण, मारामाऱ्या, बेशिस्त काही वर्षांत कमी होत जाऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी झाली. चिंता आणि नैराश्य मात्र विशेष हललं नाही. आणि हे कशामुळे घडलं, तर संशोधकांना मुख्य धागा सापडला तो असा की आई-बापांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळू लागला. पुढे असंही दिसलं की सर्वांत गरीब घरांतली मुलं शाळेत जास्त टिकली. म्हणजे ‘यांना मुलांचं पडलेलं नसतं’ हे वाक्य पुसायला कुणाचं प्रबोधन करावं लागलं नाही, पालकसभा घ्यावी लागली नाही. पैसे वेळेवर आले, एवढंच.

फडातल्या आईचं लक्ष कुठे असतं? कोयत्यावर. तिथे ते नसलं तर बोट जातं. मग बाळाकडे कोण पाहतं? आठ-दहा वर्षांची मोठी बहीण. तिची शाळा त्या दिवशी सुटते, आणि आपण हजेरीपटावर तिच्यासमोर ‘गैरहजर’ लिहितो.

आता शाळा. इथे मी भराभर जाणार आहे, कारण सभागृहातल्या बहुतेकांना हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. शाळा फुकट आहे, पण वही, रिक्षा, सहलीची वर्गणी फुकट नाही. शिकवणी तर मुळीच नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातली तीस टक्क्यांवर मुलं पैसे देऊन शिकवणी लावतात. चार वर्षांपूर्वी हे प्रमाण सव्वीस टक्के होतं. शाळा सर्वांची झाली तसा अभ्यास शिकवणीत गेला, आणि शिकवणीची फी दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत भरायची असते. दहा तारखेला कुणाकडे पैसे असतात? ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याच्याकडे.

पण वेळापत्रकाची सर्वांत मोठी गंमत ऊसतोडीतच आहे. शाळा जूनच्या मध्याला भरते, गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. पहिलं सत्र गावात, दुसरं सत्र फडात. वार्षिक परीक्षा आणि पट्टा पडणं, म्हणजे हंगाम संपणं, एकाच सुमारास. १९९०च्या दशकात कारखान्यांच्या तळावर साखरशाळा सुरू झाल्या. पुढे शिक्षणहक्क कायदा आल्यावर भर हंगामी वसतिगृहांवर गेला, म्हणजे आई-बापांनी जावं आणि मुलांनी गावातच राहून शिकावं. कल्पना चांगली आहे. जिथे वसतिगृह टोळी निघायच्या आधी सुरू होतं तिथे पोरं राहतात. जिथे मंजुरीचा कागद डिसेंबरात येतो तिथे ती केव्हाच ट्रकमध्ये बसून गेलेली असतात. पुन्हा तोच प्रश्न. पैसे आले, पण कधी?

आणि मुलगी? ती बारा-तेरा वर्षांची झाली की तिला कुणाच्या भरवशावर गावात ठेवायचं, या धास्तीने आई-बाप तिला बरोबर नेतात, आणि तिथे कोपीला दार नसतं. मग लग्न उरकलं जातं. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, जोडप्याला पूर्ण. पूर्ण कोयत्याला उचल जास्त. सून घरात आली की घराची पत वाढते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. याला आपण अज्ञान म्हणतो. मला त्यात हिशेब दिसतो, क्रूर असला तरी हिशेबच.

एवढं बोलल्यावर कुणीतरी हात वर करतंच. प्रश्न मी ओळखतो. ‘पण गरिबीतूनच तर थोर माणसं घडली. रस्त्याच्या दिव्याखाली शिकली. आजच्या पोरांना जिद्द नाही.’ आणि मग हमखास नाव घेतलं जातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. घेऊ या तेच नाव. फक्त पूर्ण घेऊ.

एल्फिन्स्टन कॉलेजात शिकायला पैसे नव्हते, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं आणि बडोद्याकडून दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. दरमहा. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढे ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि जगातल्या एका अत्यंत बुद्धिमान विद्यार्थ्याला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. जिद्द कमी पडली का? बुद्धी कमी पडली का? महिन्याचे पैसे थांबले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवून, मित्राकडून कर्ज काढून, शाहू महाराजांचं साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले, तेव्हा शिक्षण पुरं झालं.

आणि त्याच घरातली दुसरी बाजू आपण भाषणात सांगत नाही. रमाबाई आणि बाबासाहेबांना पाच मुलं झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चारही मुलं लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. ज्या घराचा दाखला देऊन आपण गरिबीचं कौतुक करतो, त्या घराने गरिबीला चार मुलं दिली. पुन्हा कुणी दिव्याखालच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली तर त्याला एवढंच विचारा, त्या दिव्याखाली किती पोरं बसली होती आणि त्यातली किती उठून घरी गेली?

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे पक्कं कळलं होतं. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा नुसती शाळा काढली नाही, वसतिगृह काढलं. मूल शिकायचं तर आधी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची वर्षभराची खात्री हवी. त्या खात्रीपायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. त्याआधी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली ती याच कारणाने. आणि त्याहीआधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावर खर्च होताना तो वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. म्हणजे ‘घरातला पैसा आणि मुलाचं शिक्षण’ हा विषय परदेशातून आलेला नाही. आपण मधल्या काळात तो विसरलो.

आता तो २३चा आकडा. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातसुद्धा शंभरात तेवीस मुलं खुजी. त्या घरात तर पैसा आहे, महिन्याच्या महिन्याला आहे. मग? मग पैशाने सगळं होतं असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. पिण्याचं पाणी, आईचं कमी वयात झालेलं लग्न, तिच्या ताटात शेवटी पडणारं अन्न, पहिल्या सहा महिन्यांनंतर बाळाला काय आणि किती भरवायचं याविषयीच्या समजुती, हे पगारवाढीने आपोआप सुटत नाही.

माझ्या म्हणण्याला गैरसोयीचा आणखी एक पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. अमेरिकेत अलीकडे हजार गरीब आयांवर एक मोठा प्रयोग झाला. बाळ जन्मल्यापासून काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना फक्त २० डॉलर. महिन्याच्या महिन्याला, विनाअट. बाळं एक वर्षाची असताना मेंदूच्या हालचालीत फरक दिसतो आहे असं वाटलं आणि मोठी बातमी झाली. ती चार वर्षांची झाल्यावर तपासलं, तर भाषा, वागणूक, आरोग्य यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मधली काही वर्षं कोविडची होती, सरकारची इतर मदतही तेव्हा सर्वांनाच मिळाली, ही कारणं सांगता येतात. पण प्रामाणिकपणे बोलायचं तर निष्कर्ष असा की नुसते पैसे दिले आणि हात झटकले, असं चालत नाही.

याच्या उलट टोकाला आपलं गडचिरोली आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं, बाळाला ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. १९९९ साली त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. शेजारच्या गावांच्या तुलनेत ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या गावांचं उत्पन्न वाढलं होतं का? नाही. माणूस दारात आला होता, योग्य दिवशी. राज्यात २००५ साली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशननेही अंगणवाडी आणि आरोग्य खातं यांना एका वाटेवर आणलं. दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं, २०१२च्या पाहणीत ते २३.४वर आलं. पाठपुरावा सैल पडला की आकडे पुन्हा तिथेच घुटमळतात, हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. आणि उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. २०२५च्या सुरुवातीला शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी राज्याने थांबवला. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. वर्गणी कुठल्या गावात जमते आणि कुठल्या गावात जमत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मग काय करावं? व्याख्यात्याला हा प्रश्न चुकवता येत नाही. अध्यक्षांची चिठ्ठीही आली आहे, तेव्हा थोडक्यात.

या राज्याने एकदा ‘कधी’चा विचार केला होता. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ज्याचा पहिला प्रयोग केला ती रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागाल तेव्हा काम. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांच्या पगारातून तो आजही कापला जातो, पगारपत्रक काढून पाहा. महिन्याच्या पगारातून थोडं कापून बिनपगारी माणसाच्या रिकाम्या महिन्यात घालायचं, ही कल्पना महाराष्ट्राची आहे.

महिन्याच्या महिन्याला पैसे देण्याची अलीकडची कल्पना म्हणजे ‘लाडकी बहीण’ योजना. तिच्यावर तुमची काय मतं असतील ती असोत. निवडणूक तोंडावर असताना ती आली, हे कुणी नाकारत नाही. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते, बाईच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला येणारे दीड हजार. हप्ता लांबला की तिचं निम्मं मोल जातं. आणि एक भोक मोठं आहे. योजनेला वयाची अट एकवीस पूर्णची. ज्या जिल्ह्यात शंभरातल्या त्रेचाळीस मुली अठराच्या आत बोहल्यावर चढतात, तिथे पहिलं बाळ मांडीवर असतं तेव्हा आई एकोणीस-वीसची असते. हजार दिवस नेमके तेव्हाच सुरू असतात. बालविवाहाला बक्षीस द्यायचं नाही हे मान्य. पण मग त्या बाळाचा आहार, त्याच्या आईची तपासणी, हे कुठल्या खात्यातून येणार ते सांगा.

आणि शेवटची मागणी साखरेपुरती, कारण बोलणं तिथून वाढलं. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. चौदा दिवस. ते पाळले जातात की नाही यावर मोर्चे निघतात, खटले चालतात, आणि थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना अडू शकतो. म्हणजे कागदावर ‘कधी’ लिहिता येतं, आणि ते लिहिल्यावर फरकही पडतो. हाच नियम फडातल्या माणसाला का नाही? दर शनिवारी आठवड्याची मजुरी बाईच्या वाट्याची बाईच्या हातात, उचलीची वजावट हंगामभर विभागून, आणि गरोदर बाईला, दूध पाजणाऱ्या बाईला तपासणीच्या दिवशी खाडा नाही. पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुल आहे. दरवर्षी तिथून गाळप परवाने दिले जातात. कारखाना किती टन गाळणार, उतारा किती पडणार, याचे तक्ते त्यासोबत असतात. त्या अर्जात एक रकाना वाढवा. तुमच्या तळांवर सहा वर्षांखालची मुलं किती, आणि त्यांच्यासाठी पाळणाघर व अंगणवाडी पहिली मोळी पडायच्या आधी सुरू झाली आहे का? ‘हो’ असेल तर परवाना. ‘नाही’ असेल तर बॉयलर थंड राहू द्या. ऊस वाळू लागला की सगळे आमदार एका दिवसात मुंबईत पोहोचतात, हे आपण पाहिलेलं आहे.